कला शाखेतून संगणकशास्त्राकडे : ऑनलाइन पदवी निवडण्याआधी

दहा वर्षं मी पुस्तकांसाठी चित्रं काढली आणि मग संगणकशास्त्राची ऑनलाइन पदवी घेतली. त्यामुळे "कोणती पदवी घेऊ?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक कलेच्या क्षेत्रातले असतात : कोणी नाटकाचं नेपथ्य करतं, कोणी साहित्य शिकवतं, कोणी गातं, कोणी फोटो काढतं. आठ-दहा विद्यापीठांची नावं त्यांच्या वहीत आधीच उतरलेली असतात, फीचा तक्ताही तयार असतो. मी त्यांना उलट विचारते : यातल्या एखाद्या पदवीतल्या सगळ्यात अवघड विषयाचा एक आठवडा तुम्ही स्वतः करून पाहिलाय का?

जवळजवळ कोणीच पाहिलेला नसतो. आणि पदवी अर्ध्यावर सुटते ती बहुधा तिथेच. पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच मजा येते. तिसऱ्या-चौथ्या विषयात खरी ओळख होते. म्हणून खालचा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे की फी भरायची वेळ शेवटी यावी.

पायरी १ : काम कोणतं हवंय ते एका वाक्यात लिहा

"आयटीत जायचंय" हे वाक्य चालणार नाही. "लहान मुलांसाठी शिकण्याची ॲप्स बनवायची आहेत", "संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंच्या नोंदी डिजिटल करणाऱ्या गटात काम करायचंय", "बँकांची सॉफ्टवेअर लिहायची आहेत, नियमित पगार हवाय" अशी वाक्यं चालतील. तिसरं वाक्य पहिल्या दोघांपेक्षा कमी प्रतीचं मुळीच नाही, पण त्याला लागणारी पदवी वेगळी असू शकते.

कारण 'कॉम्प्युटरची पदवी' ही एकच गोष्ट नाही. या क्षेत्रातल्या मोठ्या व्यावसायिक संघटनांनी, म्हणजे एसीएम आणि आयईईई यांनी, २००५ साली अभ्यासक्रमांचा एक आढावा काढला. त्यात पाच शाखा वेगळ्या दाखवल्या होत्या : कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. २०२० च्या आढाव्यात सायबर सिक्युरिटी आणि डेटा सायन्स यांची भर पडली. ढोबळ मानाने सांगायचं तर, कॉम्प्युटर सायन्समध्ये गणित आणि अल्गोरिदम (म्हणजे एखादं काम पार पाडायच्या नेमक्या पायऱ्या) जास्त, इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये संस्थांचा कारभार आणि व्यवस्थापन जास्त, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीत चालू यंत्रणा सांभाळण्याचं काम जास्त. नक्की ठरत नसेल तर मी कॉम्प्युटर सायन्सच सुचवते. तिथून बाकीच्या शाखांकडे वळणं सोपं जातं, उलटा प्रवास अवघड पडतो.

पायरी २ : चव घ्या, आणि पोटभर घ्या

इथे घाई करू नका. तीन महिने लागले तरी चालतील.

हार्वर्ड विद्यापीठाचा 'सीएस५०' हा सुरुवातीचा अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत आहे. त्याचा पहिला आठवडा 'आठवडा शून्य' म्हणून ओळखला जातो. त्यात स्क्रॅच नावाच्या साधनात रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचा असतो, आणि लगेच पुढच्या आठवड्यात सी ही भाषा येते. ती उडी मोठी आहे, पण तीच उपयोगाची आहे. फार अंगावर आली तर हेलसिंकी विद्यापीठाचा पायथन भाषेचा मोफत अभ्यासक्रम घ्या. तो सावकाश चालतो आणि छोट्या छोट्या सरावांचा ढीग देतो. व्हिडिओ बघणं म्हणजे चव घेणं असं मात्र समजू नका. हात चालले पाहिजेत.

माझा पहिला स्वाध्याय मला अजून आठवतो. पडद्यावर एका रांगेत ५० चौकोन काढायचे होते. कागदावर मी ते डोळे मिटून काढले असते. प्रोग्राम लिहिला, चालवला, रांग छान दिसली. मोजले तर ४९. पुन्हा मोजले, ४९च. मोजणी मी १ पासून सुरू केली होती आणि अट घातली होती '५० पेक्षा लहान असेपर्यंत'. म्हणजे १ ते ४९. यंत्राने सांगितलं तेवढंच केलं होतं. मोजणी ० पासून सुरू केली असती तर त्याच अटीने बरोबर ५० चौकोन आले असते. संध्याकाळचे दोन तास त्यात गेले. चूक सापडली तेव्हा मला जे वाटलं, तेच या सगळ्या प्रवासाचं इंधन आहे असं मी मानते. असे दोन तास घालवल्यावर तुम्हाला आणखी एक चूक शोधावीशी वाटते की लॅपटॉप बंद करून टाकावासा वाटतो, याची प्रामाणिक नोंद ठेवा. एका दिवसाच्या अनुभवावर काही ठरवू नका, दहा-बारा वेळचं बघा.

दुसरी चव गणिताची. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीत जवळजवळ हमखास येणारा विषय म्हणजे डिस्क्रीट मॅथ्स : तर्कशास्त्र, संच, आलेख (इथे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं), मोजणीच्या पद्धती आणि सिद्धता. शाळेत गणित नकोसं झालेल्यांना मी मुद्दाम सांगते की हे शाळेतल्या गणितासारखं नाही. एक उदाहरण घ्या. "पाऊस पडला तर मी छत्री घेईन" असं मी म्हणाले. पाऊस पडला आणि मी छत्री घेतली नाही, तर माझं म्हणणं खोटं ठरलं. पण पाऊस पडलाच नाही आणि तरी मी छत्री घेऊन निघाले, तर? मी खोटं बोलले का? नाही. पाऊस नसताना काय करीन याबद्दल मी काहीच म्हटलं नव्हतं. म्हणून तर्कशास्त्र ते विधान खरं धरतं. पाऊसही नाही आणि छत्रीही नाही, तरी खरंच. चार शक्यतांपैकी फक्त एकीत ते खोटं.

हे वाचताना तुम्ही क्षणभर थांबून "अरे, खरंच की" म्हणाला असाल, तर डिस्क्रीट मॅथ्सला घाबरायचं कारण नाही. कवितेतल्या एकेका शब्दावर अडून बसणारी, नाटकातल्या पात्राच्या बोलण्याचा नेमका अर्थ खणून काढणारी माणसं इथे चांगली रमतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बीजगणित मात्र हाताशी लागतं, त्यातून सुटका नाही. ते गंजलं असेल तर खान अकॅडमी या मोफत शिकवणाऱ्या संकेतस्थळावर शाळेच्या पातळीपासून पुन्हा करा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि वयाची काळजी करत असाल तर हॅरोल्ड कोहेन यांच्याबद्दल वाचा. १९६६ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनच्या दालनात ज्यांची कामं होती ते हे चित्रकार. १९२८ सालचा जन्म. १९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेले आणि तिथे चाळिशीत प्रोग्रामिंग शिकले. पुढे 'आरॉन' नावाचा चित्रं काढणारा प्रोग्राम ते आयुष्यभर घडवत राहिले. त्याच १९६८ साली पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार या चित्रकर्तीने फोरट्रान भाषा शिकून संगणकावर रेषांची चित्रं काढायला सुरुवात केली. ही वाट आपल्याआधी तुडवली गेलेली आहे.

पायरी ३ : दार कोणतं ते ठरवा

हातात कलेची पदवी असलेल्या माणसापुढे साधारण चार दारं असतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. नावं सारखी, आतली खोली वेगळी.

पहिलं दार म्हणजे नव्याने पूर्ण पदवी. लंडन विद्यापीठाची कॉम्प्युटर सायन्सची बीएस्सी २०१९ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर सुरू झाली. तिची शैक्षणिक बाजू गोल्डस्मिथ्स या महाविद्यालयाने रचली. कलेसाठी नावाजलेलं हे महाविद्यालय असल्याने त्या पदवीत खेळ, आभासी वास्तव, वापरकर्त्याचा अनुभव अशा वाटाही ठेवलेल्या दिसल्या. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी २०२० मध्ये जाहीर झाली. तिच्यात शिरण्याची पद्धत मला विशेष आवडते : आधी चार आठवडे प्रत्यक्ष अभ्यास करायचा, मग पात्रता परीक्षा. म्हणजे मी वर जी 'चव' म्हणते, ती इथे प्रवेशातच गुंफली आहे. शिवाय फाउंडेशन, डिप्लोमा, बीएस्सी, बीएस असे टप्पे आहेत आणि मध्येच थांबावं लागलं तरी हातात काहीतरी राहतं.

दुसरं दार म्हणजे दुसरी पदवी, पण छोटी. आधीच्या पदवीतले सामान्य विषय पुन्हा करायला न लावता फक्त संगणकाचे विषय शिकवणारी. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाची अशी ऑनलाइन पदवी बरीच वर्षं चालू आहे. ६० क्वार्टर क्रेडिटांत ती पूर्ण होते (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, त्याचा हिशोब पायरी ४ मध्ये आहे; क्वार्टर म्हणजे सेमिस्टरहून छोटं सत्र). साहित्याच्या किंवा चित्रकलेच्या पदवीला इथे खरी किंमत मिळते. अशी सोय आहे का, हे प्रत्येक विद्यापीठाला लेखी विचारा : "माझ्या आधीच्या पदवीतले किती क्रेडिट धराल?" तोंडी उत्तरावर विसंबू नका.

तिसरं दार म्हणजे क्षेत्र बदलणाऱ्यांसाठीच बनवलेली मास्टर्स. ब्रिटनमध्ये तिला कन्व्हर्जन मास्टर्स म्हणतात. यॉर्क आणि बाथ या विद्यापीठांनी ती ऑनलाइन दिली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची 'एमसीआयटी' याच जातीची : १० विषय, त्यातले ६ पायाचे आणि ४ निवडीचे. संगणकाची पार्श्वभूमी नसलेल्यांसाठीच ती आहे. कलेतून येणाऱ्या आणि पहिली पदवी हातात असलेल्या माणसाने आधी हे दार ठोठावावं, असं माझं मत आहे. मात्र वेग जबरदस्त असतो. तीन वर्षांची पदवी ज्या गोष्टींना दोन सत्रं देते, त्या इथे काही आठवड्यांत उरकतात. पायरी २ नीट केली नसेल तर इथे दम लागतो.

चौथं दार म्हणजे नेहमीची मास्टर्स, आणि इथे सांभाळून. जॉर्जिया टेकची ऑनलाइन मास्टर्स २०१४ पासून चालू आहे, १० विषयांची आहे आणि कमी खर्चात चांगलं शिक्षण म्हणून तिचं नाव सगळीकडे निघतं. पण ती संगणकाचा पाया असलेल्यांसाठी आहे. पाया आधी दुसरीकडे घालून मग तिथे जाणारे लोक आहेत, तो मार्ग चांगला आहे. थेट उडी मारू नये. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या ऑनलाइन मास्टर्समध्ये प्रवेशासाठी जुन्या गुणपत्रिका मागत नाहीत. सुरुवातीचे ठरावीक विषय चांगल्या गुणांनी पार केले की प्रवेश. हे ऐकून अनेकांना सोपं वाटतं. दार उघडं आहे, पण आतले पहिलेच विषय मास्टर्सच्या पातळीचे आहेत.

नियम बदलतात, विषयांची यादी बदलते. म्हणून मी इथे दिलेली नावं ही जात ओळखण्यासाठीची उदाहरणं समजा, आणि चालू नियम विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावरून घ्या.

पायरी ४ : तासांचा हिशोब

माहितीपत्रकात 'लवचिक', 'नोकरी सांभाळून' असे शब्द असतात. त्यांच्याऐवजी क्रेडिटचा आकडा शोधा. क्रेडिट म्हणजे शेवटी तासच.

ब्रिटिश पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे सुमारे १० तास. ३६० क्रेडिटची पदवी म्हणजे ३,६०० तास. १८० क्रेडिटची मास्टर्स म्हणजे १,८०० तास. युरोपीय पद्धतीत १ क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात आणि वर्षाला ६० क्रेडिट. अमेरिकी सेमिस्टर पद्धतीत १ क्रेडिटमागे वर्गातला आणि घरचा मिळून साधारण ४५ तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे ३० क्रेडिटची मास्टर्स सुमारे १,३५० तासांची झाली.

आता स्वतःचे तास. दोन आठवडे एक वही जवळ ठेवा आणि खरोखर मोकळे, डोकं चालेल असे तास लिहा. रात्री जेवणानंतर डुलक्या घेत पडद्याकडे बघितलेला तास धरू नका. मला वाटलं होतं माझे आठवड्याला २० तास सहज निघतील. वहीत ११ निघाले. त्या आकड्याने मी हादरले होते, पण नंतरचे सगळे निर्णय त्यानेच शहाणे केले.

समजा तुमचे १२ तास निघाले. ३,६०० भागिले १२, म्हणजे ३०० आठवडे. एकही सुट्टी न घेता जवळजवळ सहा वर्षं. अनेक पदव्यांना जास्तीत जास्त मुदत असते. लंडन विद्यापीठाच्या त्या बीएस्सीची मुदत ३ ते ६ वर्षं अशी आखलेली होती. म्हणजे १२ तासवाल्या माणसाला आजारपणाची किंवा घरच्या लग्नकार्याची एकही सवड राहत नाही. तोच माणूस १,८०० तासांची मास्टर्स १५० आठवड्यांत, म्हणजे तीन वर्षांच्या आतबाहेर पूर्ण करू शकतो. हा एक भागाकार कित्येक नावं यादीतून आपोआप काढून टाकतो.

कलेतल्या माणसांचं काम सरळ रेषेत चालत नाही, हेही धरा. प्रयोगांचा हंगाम, प्रदर्शनाची तारीख, पुस्तक छापायला जायचा आठवडा. त्या काळात अभ्यास शून्य होतो. म्हणून एखादं सत्र सोडून पुढे चालू ठेवता येतं का, त्याला फी लागते का, किती वेळा सोडता येतं, हे विचाराच.

पायरी ५ : मान्यता

इथे फार बोलण्यासारखं नाही, पण चुकलं तर सगळंच वाया जातं. दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. एक, विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे का आणि ती विशिष्ट ऑनलाइन पदवी त्या अधिकारात बसते का. हे नेहमी नियामक संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासायचं. विद्यापीठाच्या पानावरच्या शिक्क्यावर नाही. दोन, त्या अभ्यासक्रमाला व्यावसायिक मान्यता आहे का : अमेरिकेत ती अबेट ही संस्था देते, ब्रिटनमध्ये बीसीएस. संगणकाच्या पदव्या देशोदेशी परस्परांनी मानाव्यात यासाठी २००८ मध्ये सोल करार झाला आहे. व्यावसायिक मान्यता नसली म्हणून पदवी वाईट ठरत नाही. पुष्कळ चांगल्या मास्टर्सना ती नसते. पहिली मान्यता नसेल तर मात्र पुढे जाऊच नका.

सरकारी नोकरी, पुढचं संशोधन किंवा दुसऱ्या देशात स्थलांतर डोक्यात असेल, तर जिथे ती पदवी दाखवायची आहे तिथल्या समकक्षता देणाऱ्या संस्थेला आधी पत्र लिहा. उत्तर जपून ठेवा. आणि प्रमाणपत्रावर, गुणपत्रिकेवर नेमकं काय छापून येतं, त्याचा नमुना मागा.

पायरी ६ : विषयपत्रिका वाचा, जाहिरात नाही

प्रत्येक विषयाचं एक-दोन पानांचं वर्णन असतं. ते मिळालं नाही तर मागा. देत नसतील तर तेही एक उत्तरच आहे. त्यात मी पुढच्या गोष्टी शोधते : प्रोग्रामिंगचे किमान दोन विषय, डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, सॉफ्टवेअर बनवण्याची शिस्त, डिस्क्रीट मॅथ्स, आणि शेवटी स्वतःचा एक मोठा प्रकल्प. यातलं निम्मं गायब असेल आणि जागोजागी 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' लिहिलेलं असेल, तर ती पदवी वरच्या मजल्यापासून बांधायला घेतलेली आहे.

मग मूल्यमापन. कोड आपोआप तपासला जातो की माणूस वाचून शेरा देतो? माझ्या मते हा प्रश्न विद्यापीठाच्या नावापेक्षा मोठा आहे. यंत्र फक्त 'चाललं' किंवा 'नाही चाललं' एवढंच सांगतं. माणूस सांगतो की तुमचा कोड दुसऱ्याला वाचता येत नाही. चित्रकलेच्या वर्गात शिक्षक आपल्या कागदापाशी थांबून एका रेषेवर बोट ठेवायचे, तेच हवं असतं. सगळं यंत्रावर सोडलेल्या पदव्या स्वस्त असतात आणि काहींना पुरतातही. पण नव्या माणसाने पहिल्या वर्षी तरी माणसाचा शेरा मिळेल असं बघावं.

परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची की घरी कॅमेऱ्यासमोर? केंद्रावर असेल तर ते किती लांब आहे? गटात करायच्या कामात बाकीचे कोणत्या देशातले असतात? रात्री दोन वाजताच्या बैठका महिनाभर करणं सोपं नसतं. कोड लिहून देणारी एआय साधनं कोणत्या विषयात चालतात आणि कुठे चालत नाहीत, याचा लेखी नियम वाचा. पहिल्या दोन विषयांत तरी, परवानगी असली तरी, प्रत्येक ओळ स्वतः लिहा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. ४९ चौकोनांची चूक दुसऱ्या कोणी दुरुस्त करून दिली असती, तर मी ती आणखी वर्षभर करत राहिले असते.

पायरी ७ : आत असलेल्या माणसाशी बोला

फोनवर गोड बोलणारा 'प्रवेश सल्लागार' बऱ्याचदा विद्यापीठाचा नसतो. ऑनलाइन पदव्या चालवायला अनेक विद्यापीठं बाहेरच्या कंपनीला नेमतात आणि फीमधला मोठा वाटा त्या कंपनीला जातो. त्या माणसाची माहिती खोटी असतेच असं नाही, पण "तुम्ही अजून सहा महिने थांबा" हे तो सहसा सांगणार नाही. मला एका ठिकाणाहून दोन आठवड्यांत अकरा फोन आले होते, प्रत्येक वेळी 'आज शेवटचा दिवस' म्हणून. ती शेवटची तारीख चार वेळा पुढे गेली.

त्यापेक्षा तिथे शिकत असलेल्या, निम्म्या वाटेवर असलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला. त्यातला एक तरी संगणकाच्या बाहेरून आलेला असावा. "कसं आहे?" असं विचारू नका, कारण उत्तर "छान आहे" असंच येतं. विचारा : मागचा प्रश्न तुम्ही शिक्षकांना कधी विचारला आणि उत्तर किती दिवसांनी आलं? कोणत्या विषयात लोक गळाले? तुमच्याबरोबर सुरू केलेल्यांपैकी किती जण अजून आहेत? नोकऱ्यांच्या टक्केवारीबद्दल विद्यापीठाला एकच विचारायचं : ही टक्केवारी सगळ्या विद्यार्थ्यांपैकी की ज्यांनी सर्वेक्षणाला उत्तर दिलं त्यांच्यापैकी? आणि नोकरी मिळवून देणारा विभाग ऑनलाइनवाल्यांसाठीही काम करतो का?

पायरी ८ : फीची रचना

एकूण आकड्याइतकीच रचना महत्त्वाची. प्रत्येक विषयाला फी असेल तर हळू चालणाऱ्याचं नुकसान होत नाही. सत्राला एकच ठोक फी असेल, जशी अमेरिकेतल्या वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठात सहा महिन्यांच्या सत्राला असते, तर वेगाने विषय संपवणाऱ्याचा फायदा आणि हळू चालणाऱ्याचा तोटा. पायरी ४ मधली वही इथे पुन्हा काढा. त्याखेरीज नापास झाल्यास पुन्हा बसण्याची फी, परीक्षा केंद्राचा खर्च, परकीय चलनात फी असेल तर पुढच्या वर्षांतली वाढ, आणि पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख. कर्ज काढणार असाल तर पहिलं सत्र तरी साठवलेल्या पैशांतून भरा. पहिल्या सत्रात मन बदलण्याची मोकळीक राहिली पाहिजे.

तुमची कला फेकून देऊ नका

अर्जातल्या निवेदनात बरेच जण आपली कलेची वर्षं दोन ओळींत गुंडाळतात, जणू ती झाकायची गोष्ट आहे. मला हे बघवत नाही. नेपथ्य करणाऱ्याने बजेट, वेळापत्रक आणि वीस माणसांच्या मागण्या एकत्र सांभाळलेल्या असतात. भाषांतर करणाऱ्याने दोन व्यवस्थांमधला फरक अचूक मांडलेला असतो. हे नेमकं लिहा, प्रसंगासह लिहा.

प्रकल्पही तिथूनच काढा. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये 'प्रोसेसिंग' हे साधन सुरू केलं, ते कलाकारांना आणि डिझाइनरांना कोडमधून रेखाटता यावं म्हणूनच. त्याची ब्राउझरमध्ये चालणारी बहीण पी५ आज मोफत मिळते. गाणाऱ्याने रियाजाच्या ध्वनिमुद्रणातून सूर ओळखणारा छोटा प्रोग्राम करावा. साहित्यवाल्याने जुन्या मासिकांची सूची शोधता येईल असा डेटाबेस करावा. शंभर जणांनी आधीच बनवलेल्या 'आजची कामं' छापाच्या ॲपपेक्षा मुलाखत घेणारा याबद्दल जास्त वेळ बोलतो, आणि त्या बोलण्यात तुम्हाला विषय आतून माहीत असल्याचं दिसतं.

पहिलं सत्र

इतकं करून यादीत दोन नावं उरली, तर ज्याच्या पहिल्या सत्रात एकच विषय घेता येतो ते निवडा. एकच घ्या, दोन परवडत असले तरी. तो विषय प्रोग्रामिंगचा असू द्या. नाव नोंदवल्याच्या दिवशीच कॅलेंडरमध्ये दोन तारखा लिहा : पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख, आणि गुणपत्रिकेवर शेरा न येता विषय सोडता येण्याची शेवटची तारीख. पहिल्या तारखेच्या आदल्या रविवारी तासांची वही उघडा आणि तीन गोष्टी पडताळून बघा : ठरवलेल्या तासांपैकी किती झाले, किती स्वाध्याय स्वतःच्या हाताने पूर्ण झाले, आणि अडलेल्या प्रश्नाला तिथल्या कोणी उत्तर दिलं का. यातल्या दोन गोष्टी जमत असतील तर चालू ठेवा. एकच जमत असेल तर पैसे परत घ्या, पायरी २ कडे जा आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी पुन्हा या.